गाढव-अडकलं घळीतली अंडी

६ ऑगस्ट

आले! सकाळी गाढव-अडकलं घळीच्या तोंडाशी पाच पिनामिन, म्हणजे आमच्या बेटावरचे झिपरे पेंग्विन. सगळे नर. लाटेने त्यांना खडकावर अक्षरशः फेकलं. आपटले, उठले, अंग झटकलं, आणि काही झालंच नाही अशा थाटात दोन्ही पाय जोडून टुण टुण वर निघाले. मी उंच गवतात पालथी पडून बघत होते. एक अगदी नाकासमोरून गेला. लाल डोळे, भुवयांपासून लोंबणाऱ्या पिवळ्या झिपऱ्या, आणि चेहरा असा की मीच त्याची जागा ढापलीये.

घरी येऊन सांगितलं तर ऑगस्टा आत्या म्हणाली, वास मारतेयस, बाहेर धुऊन ये. बस. एवढंच.

१० ऑगस्ट

रोज वाढतायत. समुद्रातून येताना गुबगुबीत असतात – आता कितीतरी दिवस उपाशी राहायचंय ना. एकाच्या पंखाला खाच आहे, तो बरोबर गेल्या वर्षीच्याच दगडामागे जाऊन उभा राहिला. कसं कळतं? आख्खं वर्ष पाण्यात काढतात आणि येऊन हाच दगड!

भांडणं मात्र विचारू नका. प्रत्येकाला हातभर जागा. वर जाणाऱ्याला सगळ्यांच्या मधून जावं लागतं आणि दोन्ही बाजूंनी चोची बसतात. तो मान खाली घालून, अंग चोरून पळतो. मी गावातून जाते ना, तशी.

कारण खाली किनाऱ्यावर डेन्झिल भेटला. आत्याचा मुलगा. होडीत पुढे बसतो म्हणून स्वतःला फार समजतो. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गं इनिड, इंग्लंडात एवढी वर्षं शिकलीस ती पक्ष्यांच्या ढुंगणाखाली बघायला?"

म्हटलं, निदान ते रोज आंघोळ करतात.

सगळे हसले. पण माझ्या बाजूने नाही. तो त्यांचा आहे. मी 'इंग्लंडवाली'. अरे जन्म इथलाच ना माझा! सात वर्षांची होते, ज्वालामुखी फुटला, सगळ्या गावालाच बोटीत घालून इंग्लंडला नेलं. गाव परत आलं, आई-बाबा नाही आले, यात माझा काय दोष? मी आले ना शाळा संपल्यावर. एकटी. कुणी सांगितलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

आज सेप काकांकडे बैठक. सेप काका म्हणजे गावाचे मुख्य, त्यांचा शब्द शेवटचा. मी उभी राहून बोलले. इथे परत लिहून ठेवते, कारण तिथे अर्धं कुणी ऐकलंच नाही –

पिनामिनीण दोन अंडी घालते. पहिलं लहान. चार-पाच दिवसांनी दुसरं, चांगलं दीडपट मोठं. लहानातून पिल्लू मोठं झालेलं इथे कुणी बघितलेलं नाही. गावात त्याला 'फोल' म्हणतात. पुस्तकातही तेच लिहिलंय. इथपर्यंत आमचं सगळ्यांचं जमतं. आता गावाचा नियम काय? घरट्यातलं एक अंडं न्यायचं, एक ठेवायचं. ऐकायला किती छान! पण नेतात मोठं आणि ठेवतात फोल. म्हणजे नेलं सगळंच की! आणि वर 'आम्ही एक ठेवतो' म्हणून पुण्य!

मागितलं काय, तर एवढंच. हा हंगाम घळीला कुणी हात लावायचा नाही. मी प्रत्येक घरटं बघणार. लहान अंडी खरंच एकही जगत नाहीत हे दाखवलं, तर पुढच्या वर्षीपासून मोठ्या अंड्याला हात नाही. इथे नाही आणि नाइटिंगेल बेटावरही नाही. न्यायचं तर लहान न्या.

केवढा आवाज झाला! आत्या विणता विणता म्हणाली, फोल अंड्यांचा केक करून दाखव मला एकदा, मग बोल. बायका खिदळल्या. डेन्झिल म्हणाला, पुढे मेंढीचं शेपूट खा आणि मांडी सोडा असाही नियम येईल.

सेप काकांनी पाइप विझवला, परत पेटवला. नाइटिंगेलहून होड्या भरून अंडी येतात, घळीतल्या चार अंड्यांचं कुणाला काय पडलंय, म्हणाले. "बघ तुझं. नोव्हेंबर लागला की बसू परत. तोवर घळ तुझ्याकडे."

हो म्हणाले! नीट ऐकलं का मी? हो म्हणाले!

२९ ऑगस्ट

माद्या आल्या. काय तो गोंधळ! छाती पुढे, मान वर, झिपऱ्या गरागरा, आणि कर्कश ओरडा. खाचवाल्याची बायको खडकावरून वर येत होती, गर्दीत दिसतही नव्हती, आणि हा आवाजावरून वळला. मला रडूच आलं. वेडी आहे मी.

घरटी म्हणजे काय, गवताच्या बुंध्याशी एक खळगा, चार दगड, शेजाऱ्याच्या चोरलेल्या काड्या. सगळी सारखीच दिसतात. म्हणून आज प्रत्येक घरट्याशी दगडावर रंगाचा ठिपका दिला, बाजूला खडूने नंबर. पडवीत मेंढ्यांच्या रंगाचा निळा डबा होता, तोच नेला. फर्स्ट क्लास बसला रंग. विष्ठेने सगळं पांढरं झालं तरी पार वरच्या पायवाटेवरून दिसतो. परत येताना बटाट्याच्या शेतात दोघं-तिघं काम करत होते, कुदळी थांबवून घळीकडेच बघत होते. मी हात केला. त्यांनी नाही केला.

७ सप्टेंबर

पहिलं अंडं. खाचवाल्याकडेच! लहानसं, निळसर पांढरं. ती त्याच्यावर नीट बसतसुद्धा नाही, नुसती शेजारी उभी राहते. जणू पाहुण्याची पिशवी सांभाळतेय.

१२ सप्टेंबर

त्याच घरट्यात दुसरं. हे बघा अंडं! आता दोघं नवरा-बायको खरं बसायला लागलेत. पोटाखाली पिसं नसलेला एक पट्टा असतो, गरम कातडीचा. मोठं अंडं मागे, छान उबेत. लहान पुढे, अर्धं बाहेर. माझं म्हणणंच सिद्ध करतायत.

हात घालून बघताना तिने मनगट फोडलं. असू दे.

१६ सप्टेंबर

आजही घंटा नाही. होड्या निघायच्या दिवशी पहाटे घंटा वाजते. लोक उठतात, कान लावतात, आणि लाटाच ऐकू येतात. दोन आठवडे पश्चिमेचा वारा. कॅनव्हासच्या होड्या घेऊन या समुद्रात कोण जाणार? नाइटिंगेल समोर दिसतं, काळं, ढगाखाली, आणि तिथे अंडी पडलीयेत. अजून पंधरवडा गेला की आत पिल्लू धरेल, मग खाण्यात अर्थ नाही.

जहाजही आलेलं नाही. पिठात किडे. रोज बटाटा आणि खारं मटण, खारं मटण आणि बटाटा. वर्षभर बायका या अंड्यांची वाट बघतात हे मला कळतं. कळत नाही असं नाही.

१८ सप्टेंबर

काहीतरी बिनसलंय. दुकानात गेले, बोलणं बंद. लोकर पिंजायला बसतात तिथे गेले, सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि एकीने बाकावर पाय पसरले, म्हणजे मी बसू नये. रस्त्यात पोरं मला बघून मेंढीसारखी बें बें करतात. का? मेंढी का?

आत्या तर घरात भांडी आपटते. जेवायला ताट ठेवते ते टेबलावर टाकल्यासारखं. विचारलं काय झालं, तर म्हणे, "तुला जास्त कळतं."

माझ्या लक्षात आलंय. अंडी हवीयेत. घळीतली. शब्द दिलाय म्हणून तोंडाने बोलत नाहीत, पण डोळा आहे.

२० सप्टेंबर

दिवसभर घळीत राखण. पावसात. गमबुटात पाणी.

दुपारी डेन्झिल आणि अजून दोघं वरच्या वाटेवर आले आणि उभे राहिले. खाली उतरले नाहीत, नुसते उभे. मी ओरडले, चोरांनो, एक पाऊल खाली टाकलं तर सेप काकांना सांगीन. 'चोर' म्हणाले मी. डेन्झिलचा चेहरा असा पडला – मी त्याला कधी असं बघितलं नव्हतं. चिडला नाही. थुंकला आणि गेला.

बरं झालं.

२१ सप्टेंबर

आज एकही माणूस माझ्याशी बोललं नाही. एकही.

२२ सप्टेंबर

सेप काकांनी बोलावलं. चहा दिला. मग म्हणाले, चोर हा शब्द या बेटावर शेवटचा कधी वापरला गेला ते त्यांना आठवत नाही. इथे कुणाच्या दाराला कुलूप आहे का, विचारलं. नाही. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड कुणी दगड ठेवून सोडलं तर वर्षभर तिथेच राहतं की नाही? राहतं. खूण असलेल्या वस्तूला कुणी हात लावतं का? नाही.

"मग तुझ्या घळीला कोण हात लावणार होतं? तिथे दगडागणिक ऑगस्टाचा निळा रंग आहे."

म्हटलं, रंगाचा काय संबंध? मग त्यांनी एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. लाल रंग त्यांच्या घराचा. दुकानाशेजारच्यांच्या मेंढ्यांचा कान कापलेला. निळा आमचा, आमच्या मेंढ्यांच्या ढुंगणावर असतो तो. मी सगळ्या घळीला आमच्या घराची खूण करून ठेवलीये! गावाला वाटलं, पक्ष्यांचा अभ्यास वगैरे थापा. ऑगस्टाने भाचीला पुढे करून पाखरं लाटली. आणि तीही कधी? नाइटिंगेलला जाता येत नाही त्याच वर्षी!

म्हणून बें बें.

मी म्हटलं, काका, ती नुसती ओळखायची खूण आहे हो, मालकीची नाही.

ते म्हणाले, खूण म्हणजे खूणच. "आणि खूण करणाऱ्याने टंचाईत वाटायचंही असतं. हेही तुला कुणी शिकवलं नाही वाटतं."

२३ सप्टेंबर

आत्याशी भांडले. म्हटलं, तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस? तीन आठवडे मला गावभर हसं होऊ दिलंस!

ती म्हणाली, हसं तुझं नाही झालं, माझं झालं. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. तिची सख्खी जाऊ तिला विचारते, केक कधी करतेयस. माझ्या घरात राहून माझा रंग न विचारता नेलास, आणि मी तुझ्यासाठी दारोदार जाऊन सांगू की आमची पोरगी मूर्ख आहे?

"सांगायचंस!"

"सांगितलं," आत्या म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कुणाला पटलं नाही. एवढी शिकलेली मुलगी एवढी मूर्ख कशी असेल, म्हणाले."

मी दार आपटून बाहेर आले. आता पडवीत त्या रंगाच्या डब्यांशेजारी बसून लिहितेय. राग राग राग. तिचा. सगळ्यांचा. परत जाईन इंग्लंडला. जहाज आलं की जाईन.

२५ सप्टेंबर

आज झालं ते नीट, क्रमाने लिहायला हवं.

सकाळी घळीत गेले तर वरच्या बांधावर सगळं गाव बसलेलं. प्रत्येक घरातून एक माणूस. प्रत्येकाच्या मांडीवर टोपली, टोपलीत गवत पसरलेलं. कुणी खाली उतरत नाही. नुसते बसलेत, चर्चमध्ये बसावं तसे. आणि सगळ्यांत पुढे आत्या. स्वच्छ एप्रन.

सेप काका म्हणाले, खुणा तुमच्या घरच्या आहेत, वाटणी तुम्ही करायची.

मला तेव्हाच कळलं मी कशी अडकलेय. या खुणा आमच्या नाहीत म्हटलं, तर घळ कुणाचीच नाही, आत्ता खाली उतरतील आणि गावचा नियम लावतील. मोठं नेलं, फोल ठेवलं, संपलं सगळं. आणि खुणा आमच्या म्हटलं, तर अंडी वाटायलाच हवीत. वाटली नाहीत तर आत्याला या गावात तोंड दाखवायला जागा नाही. माझं काय, मी जाईन जहाजाने. ती कुठे जाईल?

तशी मला तिची दया वगैरे आली नाही. लिहून ठेवते, आली नाही. पण तिच्या त्या एप्रनला इस्त्री होती.

होड्या आल्यावर वाटणी कशी करतात ते मी हजारदा बघितलंय. माल ढिगाढिगाने लावतात. एक जण पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा एका घराचं नाव घेतो. त्याला दिसत नसतं, म्हणून कुरकूर करायची नाही. मिळालं ते तुमचं, त्याला दुसरं कुणी शिवायचं नाही, आणि परत करायचं नाही.

मी म्हटलं, वाटते. पण अंडी वाटणार नाही. घरटी वाटते. पक्ष्यासकट, अंड्यासकट, आहेत तिथेच. ज्याचं घरटं त्याचं, त्याने काय करायचं ते त्याने बघावं. दुसऱ्याच्याला मात्र हात नाही.

बांधावर कुजबुज. डेन्झिल म्हणाला, म्हणजे आता पिनामिनला चारा पण आम्हीच घालायचा? कुणीतरी हसलं. सेप काकांनी विचार केला. ढीग तो ढीग, म्हणाले, जिवंत असला तरी.

मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. आत्या खाली उतरली. दगडावर हात आपटल्याचा आवाज, पक्ष्याचा ओरडा, आणि मग तिचा आवाज, कोरडा, मला ओळखत नसल्यासारखा: "हे कोणाचं?"

मी नाव घेतलं. परत. हे कोणाचं? परत. पाठीमागे पिनामिन बोंबलतायत, पावसाची भुरभुर, आणि मी एकेक घर आठवतेय. मला सगळी घरं तोंडपाठ आहेत हे माझ्याच लक्षात नव्हतं आलं. सेप काकांचं. दुकानाशेजारच्यांचं. बाकावर पाय पसरणारीचं, हो, तिचंही घेतलं. डेन्झिलचं. त्याने घर वेगळं केलंय.

वाटणीत पाठमोऱ्याचं घर सगळ्यात शेवटी येतं. आत्याने विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, ऑगस्टाचं. 'आमचं' म्हणायला तोंड उघडलं होतं. नाही निघालं.

वळून बघितलं. घळीला दोन टप्पे आहेत, हे वरच्या टप्प्यावरचं घरटं. आत्याने बाही वर केली, पक्ष्याच्या पोटाखाली सरळ हात घातला. तो चावतोय, रक्त येतंय, ही बाई ढिम्म. मोठं अंडं काढून एप्रनमध्ये घेतलं. लहान अंडं बोटाने सरकवून नीट मधोमध केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझं फोलपट ठेवलंय," म्हणाली.

तिचं बघून वरच्या टप्प्यावरच्या सगळ्यांनीच काढली. मोठी. एकेक. दुसऱ्याच्या घरट्याला मात्र कुणी शिवलं नाही, हे खरं. खालच्या टप्प्यावरचे उतरायला कंटाळले की लाजले माहीत नाही. बांधावरूनच आपापलं घरटं बघून, टोपल्या उचलून परत गेले. काही घरटी उरली ती कुणाच्याच नावाची नाहीत.

घरी आत्याने अंडं उकडलं. पिनामिनच्या अंड्याचं पांढरं शिजलं तरी पांढरं होत नाही, काचेसारखं राहतं, आतला लालभडक बलक आरपार दिसतो. माझ्यासमोर बसून, मीठ लावून, सावकाश खाल्लं. हाताला फडकं बांधलेलं होतं. मला विचारलं नाही.

२६ सप्टेंबर

वहीतून वरचा टप्पा खोडून टाकला. सगळी घरटी लाल पेन्सिलीने काट. तिथे बघायला जायची इच्छा नाही. बिचारे फोलावर बसून राहतील आणि एक दिवस उठून समुद्रात जातील. खालचा टप्पा पुरे आहे मला. पुरावा तेवढ्यातही होईल.

लोक बोलायला लागलेत. म्हणजे 'सरक', 'दार लाव' एवढं. पोरं बें करत नाहीत. आत्या मात्र ताट अजून टाकल्यासारखंच ठेवते.

४ ऑक्टोबर

नर गेले समुद्रात. उपासाने अर्धे झाले होते. आता एकट्या माद्या बसल्यात. समुद्रकोंबड्या डोक्यावर घिरट्या घालतात. हा तपकिरी दांडगा पक्षी अंड्यासाठी काहीही करेल. एक माझ्यासमोर उतरली, खालच्या टप्प्यावरच्या एका घरट्यातून अर्धं बाहेर असलेलं लहान अंडं उचललं, गेली. मादीने वळून बघितलंसुद्धा नाही. लगेच लिहून ठेवलं.

डेन्झिल वरच्या वाटेवर आला होता. म्हणाला, माझं कुठलं गं? खालच्या टप्प्यावरचं दाखवलं. बराच वेळ बघत बसला. उठताना म्हणाला, "माझी पिनामिनीण जाडी आहे. आईच्यापेक्षा जाडी." आणि गेला. चोर म्हणाले त्याबद्दल काही बोलला नाही. मीही नाही.

१३ ऑक्टोबर

घंटा वाजली! होड्या नाइटिंगेलला गेल्या, रिकाम्या आल्या. सगळ्या अंड्यांत पिल्लं धरलेली. आत्या किनाऱ्यावरून परत येऊन म्हणाली, या वर्षी गावाने अंडी खाल्ली ती फक्त घळीतली. माझ्याशी नाही बोलली, किटलीशी.

१९ ऑक्टोबर

फुटली! खालच्या टप्प्यावर मोठी अंडी फुटली! काळपट लोकरीचे गोळे, डोळे मिटलेले, नुसती चोच आणि भूक. नर परत आलेत, ते पिल्लांवर पहारा करतात. माद्या मासे, कोळंबी पोटात भरून आणतात आणि पिल्लाच्या घशात ओततात. मी सकाळपासून जेवले नाही, लक्षातच नाही.

आधी घातलेलं लहान अंडं अजून नाही फुटलं आणि नंतर घातलेलं मोठं आधी! असं उलटं कुणाच्या घरात असतं?

२१ ऑक्टोबर

आता लहान फुटतायत. एवढीशी पिल्लं. मोठं पिल्लू त्यांच्या डोक्यावर पाय देऊन उभं राहतं. आई आली की तेच ओरडतं, तेच खातं. लहानाची मान वर जाते तोवर आईचं पोट रिकामं.

डेन्झिल रोज येतो. आज हात घालून लहान पिल्लाला पुढे सरकवत होता. मी त्याला ओरडले, हात लावायचा नाही, जे होतंय ते होऊ दे. म्हणाला, "तुझं काळीज दगडाचं आहे का गं?" मी? मी दगड? मोठी अंडी उकडून खाणारे तुम्ही!

२८ ऑक्टोबर

खालच्या टप्प्यावर एकही लहान पिल्लू उरलं नाही. एकही नाही. डेन्झिलचं सगळ्यात शेवटी गेलं.

म्हणजे माझं बरोबर. मी जिंकले. फोल ते फोल. लहान ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं. आत्याने, गावाने वरच्या टप्प्यावर जे केलं ते सरळ सरळ सगळं खाणं. सगळं भाषण तयार आहे. शेवटी आत्याकडे बघून विचारणार, आता सांग, एक ठेवलंस ते कोणासाठी?

खूश आहे. डेन्झिलचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही, पण खूश आहे.

३१ ऑक्टोबर

उद्या बैठक. म्हणून आज वरच्या टप्प्यावरूनही एकदा फिरले – नुसतं 'रिकामं, रिकामं' असं लिहायला.

आत्याच्या घरट्यात पिल्लू आहे. फोलातलं. गोल, पोट तुडुंब, बोट पुढे केलं तर चावलं. शेजारच्या घरट्यातही. त्याच्या शेजारच्याही. जिथून जिथून मोठं नेलं, तिथे तिथे लहान जगलंय!

पलीकडच्या खोलीत आत्या उद्यासाठी एप्रनला इस्त्री करतेय. तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सगळ्या गावासमोर उभं राहायचं, आणि बोलायचं ते तिच्या बाजूने.